पावती

(वस्तीतल्या पोरापोरींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. फक्त शिव्या कमी केल्यात.)



मला सांगण्यात आलं होतं की कवितेवर बोल. कविता मी लिहितो, तिच्यावर बोलायला विद्यापीठात पगारी माणसं ठेवलीत. मी मॅट्रिकला थांबलेला माणूस. गोदीत ठेकेदाराच्या खात्यावर आहे. स्टीलचं कॉइल उतरतं, परदेशी जाणाऱ्या मोटारी चढतात, त्यात आपली हाडं चालतात. तेव्हा मला जे कळतं त्यावर बोलतो. चोर बाजारावर.

हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांच्या खिशातला मोबाइल कुठून आलाय ते मला ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलमध्ये गेली. एका खोलीत तीन पोरं आणि एक फोन, त्याचीही काच फुटलेली. टाळेबंदी उठल्यावर आपले बाप-भाऊ जुना फोन, जुना लॅपटॉप शोधत कुठं गेले? मॉलमध्ये नाही गेले. दो टाकीला गेले.

तर शुक्रवारची गोष्ट सांगतो.

जयंतीसाठी ॲम्प्लिफायर पाहिजे होता. दरवर्षी भाड्यानं आणतो आणि भाडेवाला दहाच्या ठोक्याला वायरी गुंडाळायला लागतो. म्हटलं यंदा आपला घ्यायचा. वर्गणी जमली तीन हजार. तीन हजारात नवा मिळत नाही. रात्रपाळी सुटली, मी यलो गेटातून बाहेर पडलो. गेटावर झडती झाली. रोज होते. हात वर, खिसे उलटे, डबा उघडा. दहा-दहा टनांचं कॉइल आम्ही हलवतो ते डब्यात घालून नेणार आहोत, असा सरकारला संशय असतो. मग पी. डिमेलो रोडनं निघालो. ज्या डिमेलोनं गोदी कामगाराला मान वर करायला शिकवलं त्याचं नाव रस्त्याला दिलंय, आणि त्याच रस्त्यावरच्या गेटात आम्ही हात वर करतो. डोंगरी ओलांडली, जे. जे.च्या बाजूनं आत शिरलो. उजाडायचं होतं.

शुक्रवारी मटण स्ट्रीटची पक्की दुकानं बंद असतात, जुम्मा म्हणून. बंद शटरच्या पुढं रस्ता पसरतो. इतर दिवशी तिथं पितळी कंदील, ग्रामोफोनचे कर्णे, जुन्या सिनेमांची पोस्टरं असा श्रीमंतांच्या दिवाणखान्याचा माल असतो. शुक्रवारचा माल आपला. मिक्सरचं नुसतं भांडं. रिमोटचा ढीग, टीव्ही नाही. एकाच पायाचा बूट. चार्जरच्या वायरींचा गुंता, त्यात हात घालून माणसं आपली पिन शोधतात. खुदाई मशीन, ग्राइंडर, पंख्याची मोटर, लॅपटॉपचे कीबोर्ड, मेलेल्या बॅटऱ्या. अंधारात प्रत्येकाच्या हातात मोबाइलची बत्ती. वस्तूवर उजेड पाडायचा, माणसाच्या तोंडावर पाडायचा नाही, हा तिथला रिवाज आहे.

बोहारणी असतात. तुमच्या बिल्डिंगखाली स्टीलचं भांडं देऊन जुने कपडे नेणारी बाई दिवसभर डोक्यावर गाठोडं घेऊन फिरते, ते गाठोडं अशाच बाजारांत सुटतं. भंगारवाले असतात, कुर्ल्याहून, साकीनाक्याहून, धारावीहून. कुठल्या तरी ऑफिसनं शंभर कॉम्प्युटर एकदम विकले, त्यातलं जे चालतं ते लॅमिंग्टन रोडला जातं, जे थोडं चालतं ते इथं येतं, आणि जे चालतच नाही ते किलोवर फोडायला जातं.

त्या फोडण्यावर दोन मिनिटं बोलू द्या, कारण स्वस्त वस्तूचं शेवटचं बिल तिथं फाटतं. वायर जाळतात, आतलं तांबं काढायला. बोर्ड तापवतात, चिप सुटायला. पिनांवरचा सोन्याचा मुलामा तेजाबात काढतात. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, बोर्डाच्या जोडात शिसं असतं. हे सगळं एखाद्या पत्र्याच्या खोलीत, पंख्याशिवाय, हातमोज्याशिवाय. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन असला कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन वापरात आल्याची नोंद चौथ्या हिश्श्याचीसुद्धा नाही. बाकीच्याचं काय होतं ते तेजाबावर वाकलेल्या पोराच्या छातीला विचारा. आपल्या देशात २०११ पासून यावर नियम आहेत. २०२२ साली नवे झाले, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ज्या कंपनीनं वस्तू बनवली तिनंच ती मेल्यावर जबाबदारी घ्यायची, असं त्यात आहे. कागद चांगला आहे. पण कागदात ते पोर नाही. कागदात 'अधिकृत पुनर्वापरकर्ता' आहे.

आता ॲम्प्लीकडं येतो.

एका चाचांच्या चादरीवर तो दिसला. अहुजाचा, जुना, एका बाजूनं पत्रा चेपलेला. उचलून पाहिला. वजन होतं, म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर कुणी काढून घेतलेला नव्हता. तुम्हीही हे शिकून घ्या. वस्तू पहिल्यांदा हातानं तोलायची, डोळ्यानं नंतर. स्पीकर घेताना कागदी पडदा दोन अंगठ्यांनी हळू दाबायचा. आत खरखर लागली तर कॉइल घासतंय, सोडून द्या. पेन्सिल सेल खिशात ठेवा, दोन टोकांना टेकवा. टक आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. लॅपटॉप घेताना चालू करून आत शिरा. सुरुवातीलाच पासवर्ड मागून अडला तर ते कुठल्या तरी कंपनीचं कुलूप आहे, फुकट दिला तरी डोकेदुखी.

चाचांकडे सिरीजचा बल्ब होता. मशीन थेट मेनवर लावत नाहीत, मध्ये बल्ब असतो. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. आमचा बल्ब पेटला आणि हळूहळू मंद झाला. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सौदा सुरू झाला.

"साडे चार."

"डेढ."

"डेढ में तो इसका डिब्बा आता है, बेटा."

"डिब्बा तो चेपलेला आहे, चाचा."

असं चालून चोवीसशेवर तुटलं. बाजारातल्या या घासाघिशीला शिकलेली माणसं असंस्कृतपणा समजतात. मला तिच्यात एक गोष्ट दिसते. समोरासमोर उकिडवं बसून दोघं भाव करतात तेव्हा दोघांचे गुडघे एका उंचीवर असतात.

ॲम्प्ली खांद्यावर घेतला आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी हाक आली. "ए, थांब. काय आहे ते? कुठून उचललंस?"

म्हटलं, विकत घेतलाय.

"पावती?"

आता शुक्रवारच्या बाजारात पावती कोण देतो? साहेबालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी ओळख पटावी म्हणून गोदीचा गेटपास काढून दाखवला. ती माझी चूक झाली. साहेब हसले. म्हणाले, "गोदीतला काय? मग तर झालंच."

चौकीत बसवलं. ॲम्प्ली टेबलावर, मी जमिनीवर. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा, आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्यात कलम १२४ आहे. तुमच्याजवळची वस्तू चोरीची असावी असं मानायला कारण असेल आणि तुम्हाला तिचा समाधानकारक हिशेब देता आला नाही, तर तो गुन्हा. कायदा सगळ्यांना सारखा आहे. पण मानायला कारण कुणाकडं बघून सापडतं? हातात पाऊण लाखाचा फोन घेऊन चाललेल्या गोऱ्यागोमट्या माणसाला कुणी विचारलंय, याची पावती दाखव म्हणून?

बसल्या बसल्या मला नावाचा विचार सुचला. चोर बाजाराचं मूळ नाव शोर बाजार होतं, इंग्रजाच्या तोंडी त्याचं चोर झालं, असं म्हणतात. राणी व्हिक्टोरियाचं व्हायोलिन बोटीवरून गेलं आणि इथं सापडलं अशीही एक कथा लोक सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवा. पण इंग्रजानं नुसत्या जिभेनं नाही, कायद्यानंही नावं ठेवली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारध्याच्या पोटी जन्माला आलं की पोर चोर. अजून त्यानं डोळे उघडले नाहीत तोवर वहीत चोर. तो कायदा १९५२ साली गेला. वही गेली, पण पोलिसाची नजर बदलली नाही. आजही कुठं घरफोडी झाली की पहिल्यांदा पारध्याच्या पालावर जीप जाते. आणि आता अमेरिकेचं सरकार याद्या काढतं, जगातल्या कुख्यात बाजारांच्या. २०२१ च्या यादीत आपल्या मुंबईचं हिरा पन्ना आहे. नकली माल विकतात म्हणून. गोऱ्यांच्या देशांतले मेलेले कॉम्प्युटर 'वापरलेला माल' म्हणून गरीब देशांच्या बंदरात उतरतात, त्या बंदरांची यादी त्यांनी अजून काढलेली मी वाचली नाही.

माझं म्हणणं नीट ऐका. मी चोरीची वकिली करायला उभा नाही. आमच्या टोळीतल्या एकाचा फोन मशीद आणि सँडहर्स्ट रोडच्या मध्ये गेला. दारात उभा होता, खांबावरून काठीचा फटका बसला हातावर. फोन गेला आणि बोटही मोडलं. नऊ महिन्यांच्या हप्त्यावर घेतलेला होता. पुढचे सात हप्ते त्यानं नसलेल्या फोनचे भरले. असा फोन कुणी या बाजारात विकला आणि आपण स्वस्त म्हणून घेतला, तर आपण कुणाचं बोट मोडलं? आपल्याच माणसाचं. म्हणून डोळे मिटून घेणाऱ्याला मी हुशार म्हणत नाही.

पण चोरी कुठं आणि किती, याचं वजन करायला गोदी चांगली जागा आहे. मोठी चोरी पावतीसकट होते, दोस्तांनो. माल एक, कागदावर दुसराच. किंमत एक, बिलात निम्मी. सही, शिक्का, सील सगळं जागच्या जागी. १९९१ च्या आधी बाहेरच्या टेपरेकॉर्डरवर इतकी जकात होती की अख्खी मुंबई मुसाफिरखान्यात, मनीष मार्केटात 'फॉरेनचा माल' शोधायची. साहेबांच्या दिवाणखान्यातला टू-इन-वन तिथूनच यायचा. त्याला 'शौक' म्हणत. गोदीत हमाली केलेला हाजी मस्तान त्यातून मोठा झाला, सिनेमावाल्यांनी त्याच्यावरून सिनेमे काढले. किनाऱ्यावर छातीभर पाण्यात उभं राहून पेट्या उतरवणाऱ्यांचं नाव कुणाला आठवतं?

आणि १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा वाढदिवस आणि मुंबई गोदीचा काळा दिवस. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोट फुटली. एकाच बोटीत दारूगोळा, कापूस आणि सोनं. सोन्याच्या विटा उडून कुठच्या कुठं पडल्या, त्यांचा हिशेब लागला. कित्येक वर्षांनी गाळात वीट सापडली तीसुद्धा सरकारजमा झाली. मेले किती, याचा आकडा मात्र आजही प्रत्येक पुस्तकात वेगळा आहे. सोन्याची पावती होती. हमालाची नव्हती.

तर मी चौकीत. तासभर गेला असेल. दारात चाचा उभे. कुणा चहावाल्या पोरानं जाऊन सांगितलं होतं. बाजाराची ऐन वेळ, चादर दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आलेले. म्हणाले, "साहब, माल मैंने बेचा है. जो पूछना है मेरे से पूछो."

साहेबांनी विचारलं, तुझ्याकडं पावती आहे?

चाचांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तीत पावत्या होत्या, गड्डीच्या गड्डी. सगळ्या दंडाच्या. जागा अडवल्याचा दंड, माल सोडवल्याचा दंड. सगळ्यात खाली एक वेगळा कागद. कुठल्या तरी ऑफिसनं भंगार विकलं त्याची वजनाची चिठ्ठी. तीत 'ॲम्प्लिफायर १' असं लिहिलेलं होतं. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली. ॲम्प्ली परत दिला. चाचांना म्हणाले, पुन्हा दिसू नको. कुठं दिसू नको? जिथं त्यांचं पोट आहे तिथं? २०१४ साली फेरीवाल्यांचा कायदा झाला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवू नये असं त्यात लिहिलंय. चाचांना तो कायदा माहीत नव्हता. मलाही नव्हता, नंतर वाचला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चाचा, तुमचा धंदा बुडाला माझ्यापायी. ते म्हणाले, "तू मेरा गिराक है."

मी घरी आलो. इथं खरी गोष्ट सुरू होते. इतका वेळ सांगितलं ते तुम्हाला कमीजास्त ठाऊक होतं.

आजी दारात बसली होती. ॲम्प्लीकडं बघून म्हणाली, "कुणाचं उतरलेलं आणलंस?"

मी म्हटलं, बाजारातून विकत आणलंय.

"जुनं हाय न्हवं? दुसऱ्यानं वापरून टाकलेलं. बाबासाहेबांच्या फोटोम्होरं लावनार? त्यापरीस बिनआवाजाची जयंती करा."

दोस्तांनो, चौकीत मला जितकं लागलं नाही तितकं ते लागलं. कारण आजीचं म्हणणं हवेतलं नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय की चांडाळानं मेलेल्याच्या अंगावरची वस्त्रं नेसावीत आणि फुटक्या भांड्यात खावं. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जाळलं. पण गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क म्हणून चालूच राहिला. त्याला हक्क म्हणायचे! आजी १९५६ साली अकरा वर्षांची होती. नागपूरची दीक्षा झाली, बातमी गावात आली. त्या हिवाळ्यात गावात कुणी मोठा माणूस मेला. रिवाजानं मढ्यावरचं कापड आजीच्या बापापुढं टाकलं. त्यानं घडी घातली, उचललं, आणि जिथनं आलं तिथंच ठेवून आला. घरात त्या वेळी अंगावर घ्यायला धड गोधडी नव्हती. तो हिवाळा आजीनं पोत्यात काढला. ती पोत्यातली थंडी तिच्या अंगात अजून आहे. ती मला विचारत होती, की आम्ही जे टाकून दिलं ते तू चोवीसशे देऊन परत आणलंस का?

मला उत्तर सुचलं नाही. तीन दिवस सुचलं नाही. पाळीवर गेलो तरी डोक्यात तेच.

मग उत्तर मिळालं ते हातातून. रविवारी ॲम्प्ली उघडला. आत धूळ, झुरळांची अंडी, दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले. चाळीतली एक पोरगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते, तिला बोलावलं. तिनं मीटर लावला, ट्रान्सफॉर्मर तपासला, फुगलेले काढले, लॅमिंग्टन रोडवरून आणलेले नवे झाळले. आजी खाटेवरून बघत होती. पोरगी तिला सांगत होती, हे काय करतं, ते काय करतं. आजी ऐकत होती. शेवटी बटन दाबलं, घरघर आली, मग ती गेली आणि नुसता सूं असा आवाज राहिला. पोरीनं माइक आजीपुढं धरला. आजी म्हणाली, "जयभीम." अख्ख्या चाळीत ऐकू गेलं. खालून कुणी तरी उत्तर दिलं, जयभीम.

आजीला पटलं असं मी म्हणत नाही. ती फक्त म्हणाली, "नीट फुसून घ्या ते."

पण मला माझं उत्तर मिळालं होतं. उतरलेलं आणि जुनं यांत फरक आहे. उतरलेलं पुढ्यात टाकतात. ते वाकून घ्यावं लागतं आणि त्याचा भाव करता येत नाही. दाताचे तुकडे किती पडलेत ते मोजता येत नाही, वर उपकारही डोक्यावर. बाजारातलं जुनं मी निवडतो. उलटंपालटं करतो, खोट दाखवतो, भाव पाडतो, नको तर उठून जातो. पैसे माझे, मजुरीचे. आणि घरी आणल्यावर ते मी उघडतो, आमची पोरगी ते दुरुस्त करते. ज्याला उघडता येतं त्याची वस्तू होते. ज्याला उघडता येत नाही तो नवी कोरी घेऊनसुद्धा कंपनीचा भाडेकरू.

म्हणून मला तीन कामं सुचवायची आहेत.

पहिलं. या वस्तीत दर रविवारी दोन तास दुरुस्तीचे. मीटर, झाळायची इस्त्री, सिरीजचा बल्ब एवढं सामान वर्गणीतून येतं. शिकवायला ती पोरगी तयार आहे. मी विद्यार्थी म्हणून पहिलं नाव देतो.

दुसरं. जुना फोन घेताना आधी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. पंधरा आकडे येतात, तो फोनचा जन्मदाखला. मेसेजमध्ये इंग्रजी के, वाय, एम ही अक्षरं, जागा सोडून ते पंधरा आकडे, आणि १४४२२ ला पाठवा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर कळतं. ही सोय २०२३ पासून देशभर आहे. तसा फोन कितीही स्वस्त असला तरी हात लावू नका. आणि कुणाचा गेला तर तक्रार करून तो बंद करायला लावा.

तिसरं, आणि हे माझ्या मनातलं. आपण पावतीपुस्तक छापू. साधं, कार्बन घातलेलं. वस्तू काय, नंबर काय, किंमत किती, तारीख, घेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही. मी हे चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मेरा नाम लिखेगा तो पहले मेरा नाम उठेगा." खरं आहे. मुसलमानाचं नाव कागदावर आलं की काय होतं ते त्यांना जास्त कळतं. म्हणून ठरवलं, आपलं नाव आधी, मोठ्या अक्षरात, पत्त्यासकट. हिशेब द्यायची वेळ आली तर आधी आपण देऊ. मग ते म्हणाले, "तो फिर लिख." पहिली पावती माझ्या ॲम्प्लीची फाडली आहे, मागची तारीख न घालता, आजचीच. ती ही बघा. चाचांनी उर्दूत सही केलीय.

भेंडी बाजारात जुन्या इमारती पाडून टॉवर उठतायत. उद्या रस्त्यावरची चादर राहील की नाही, सांगता येत नाही. ती उठवली तर उठवणाऱ्याला विचारायला आपण तिथं असलं पाहिजे. गिराक म्हणून तरी.

येत्या शुक्रवारी पहाटे पाचला सँडहर्स्ट रोड स्टेशनाबाहेर भेटा. पेन्सिल सेल आणा, बत्ती आणा, पिशवी आणा. पैसे कमी असले तरी या, भाव मी करतो.

जयभीम.